एअर रायफलचं बॅरल घरी बदलायचंय? नाशिककरांचे तेच ते प्रश्न (आणि .२२ वाल्यांसाठी सरळ उत्तर)

मी गनस्मिथ नाही, आधीच सांगतो. छंद म्हणून १० मीटरवर छर्रे मारतो, स्वतःच्या दोन स्प्रिंगवाल्या एअर रायफली खोलून जोडून झाल्यात, आणि हे चार लोकांना कळल्यापासून सिडको, ओझर, पिंपळगाव कुठून कुठून फोटो येतात, "दादा हे बघा ना काय झालंय". तेच ते प्रश्न परत परत टाइप करून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. आधी वाचा, मग मेसेज करा.

१. घरी बॅरल बदलता येतं का? पोलिसांचं काही लफडं नाही ना?

तुमच्या हातात नेमकं काय आहे त्यावर आहे. ४.५ मिमी म्हणजे .१७७ बोअरची (बोअर म्हणजे बॅरलच्या नळीचा आतला व्यास, .१७७ हे इंचात) आणि छर्रा सुटतानाची ताकद २० जूलच्या आतली असलेली एअर रायफल असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे तिला लायसन्स लागत नाही, दुकानदार ओळखपत्र घेऊन देतो. अशा रायफलचं तिच्याच मॉडेलचं, त्याच बोअरचं बॅरल बदलणं हे घरच्या मेंटेनन्समध्ये बसतं आणि खाली जे लिहिलंय ते फक्त याच रायफलींसाठी आहे. यातली एक जरी अट तुटली, बोअर मोठा झाला किंवा ताकद वाढली, की गोष्ट बदलते, त्यासाठी प्रश्न ११. आणि काडतूस उडवणारी कुठलीही रायफल असेल तर प्रश्न २ वाचा आणि पाना खाली ठेवा.

२. माझ्याकडे लायसन्सची .२२ रिमफायर आहे. अमेरिकेतले लोक व्हिडिओत दहा मिनिटांत बॅरल बदलतात, दोन स्क्रूचं काम. मी का नको?

कारण तुम्ही अमेरिकेत नाही, गंगापूर रोडला राहता. तिकडे बऱ्याच ठिकाणी बॅरल हा साधा सुटा पार्ट म्हणून विकत मिळतो. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ मध्ये शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग येतात, आणि कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणं, बदल करणं, अगदी रिपेअर करणं यालासुद्धा वेगळं लायसन्स लागतं. तुमचं लायसन्स रायफल बाळगायचं आहे, रिपेअर करायचं नाही, हा फरक लोकांच्या डोक्यात शिरतच नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडलं तर कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे, "मी फक्त जुनं काढून नवं लावलं" हे कोर्टात सांगत बसायचं का? त्यात नंबर नसलेलं किंवा नंबर खोडलेलं शस्त्र सापडलं तर कलम ८ आहेच.

कायदा बाजूला ठेवला तरी काम दिसतं तेवढं सोपं नाही. रिमफायर काडतुसाची दारू पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, ती कड बॅरलचं मागचं तोंड आणि बोल्ट यांच्यामध्ये धरली जाते, आणि तिथली जागा मिलिमीटरच्या बारीक भागात मोजतात. जागा जास्त राहिली तर काडतूस मागच्या बाजूने फुटून गरम गॅस आणि पितळेचे तुकडे तोंडाकडे येतात, कमी राहिली तर बोल्ट लावतानाच कड दाबली जाऊन उडू शकतं. हे मोजायचे गेज असतात आणि ते लायसन्सवाल्या गनस्मिथकडे असतात. रायफल त्याच्याकडे द्या, पावती घ्या, बॅरलवर नंबर असेल तर लायसन्सवरच्या नोंदीचं काय करायचं ते आधी परवाना शाखेत विचारा. मला पार्टचे फोटो पाठवू नका, उत्तर हेच येणार.

३. .१७७, .२२, रिमफायर, ५.५... डोकं गरगरतंय भो. सोपं करून सांगा.

१० मीटरच्या स्पर्धेत एअर रायफल असते, ४.५ मिमीचा छर्रा, हवेच्या जोरावर. अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगमध्ये सुवर्ण घेतलं ते यात. ५० मीटरला .२२ रिमफायर, म्हणजे ५.६ मिमीची गोळी, दारूचं काडतूस. आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य घेतलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे यात. घोळ इथे होतो की .२२ बोअरची एअर रायफलपण असते, तिचा छर्रा ५.५ मिमी. नाव .२२ म्हणून काडतूस उडवणारी नाही, पण बोअर ४.५ च्या वर गेल्यामुळे तिलाही आपल्याकडे लायसन्स लागतं. फोनवर "माझी टू टू आहे" एवढंच सांगू नका, हवेची का काडतुसाची ते सांगा.

४. नेम लागतच नाही. बॅरल गेलंय ना?

बहुतेक वेळा नाही! सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे म्हणून जरा सविस्तर.

मागच्या हिवाळ्यात ओझरहून एका काकांनी टार्गेटचा फोटो पाठवला, १० मीटरवर पाच छर्रे आणि पसारा चहाच्या बशीएवढा. त्यांनी नवं बॅरल मागवायचं ठरवूनच ठेवलं होतं. मी म्हटलं आधी रायफल घेऊन या. आणली, मी दस्ता हातात धरून नळी हलवली तर अख्खी बॉडी लाकडात कटकट हलत होती. पुढचे दोन्ही स्क्रू बोटाने फिरले. स्क्रू आवळले, छर्रे बदलले (डब्यातले अर्धे दबलेले होते, घाघरा म्हणजे मागचा पसरट भागच वाकडा), आणि ग्रुप, म्हणजे सगळ्या छर्र्यांचा पसारा, दहा रुपयाच्या नाण्यात आला. काकांचे बॅरलचे पैसे वाचले, मला मिसळ मिळाली.

स्प्रिंगवाली रायफल पुढे-मागे दोन्हीकडे झटका देते, त्यामुळे स्क्रू ढिले होणं हा तिचा स्वभावच आहे. म्हणून आधी दस्त्याचे स्क्रू, मग साइट किंवा स्कोपचे स्क्रू, मग दोन-तीन वेगळ्या प्रकारचे छर्रे मारून बघा, मग सील (प्रश्न ५), मग सफाई (प्रश्न ६). धरायची पद्धतही बघा, पुढचा हात घट्ट आवळला की झटका दर वेळी वेगळा बसतो आणि ग्रुप फाटतो, रायफल हातावर नुसती ठेवायची.

एवढं करूनही पसारा तसाच असेल तर नळीचं पुढचं तोंड बघा. कानात घालायची कापसाची काडी तोंडाच्या आतल्या कडेवरून हळू फिरवा, एखाद्या जागी कापसाचे तंतू अडकले तर तिथे कड दुखावलेली आहे. छर्रा शेवटचा स्पर्श तिथेच करून सुटतो म्हणून तेवढीशी खोचसुद्धा नेम घालवते. आतले चर गंजाने खाल्लेले दिसले, नळी वाकलेली असली, किंवा कोणी त्यातून लोखंडी गोळ्या नाहीतर पिसवाले डार्ट मारलेले असले, तर मात्र बॅरल खरंच गेलंय.

५. सील लीक आहे का हे घरच्या घरी कसं बघायचं?

टिश्यू पेपर. बॅरल आणि सिलिंडर (ज्यात पिस्टन हवा दाबतो) जिथे मिटतात त्या फटीवर टिश्यूची बारीक पट्टी ठेवायची, छर्रा भरून सुरक्षित जागी फायर करायचं. पट्टी फडफडली किंवा उडाली तर हवा तिथून पळतेय. सील म्हणजे रबराची नाहीतर प्लास्टिकची एक रिंग, बॅरल बदलायच्या खर्चापुढे किंमत किरकोळ. जुनी काढताना टोकदार सुईने खाच खरवडू नका. रिंग खाचेतून अगदी जराशी वर दिसली पाहिजे, बुडाली तर गळणार आणि जास्त वर आली तर बॅरल मिटायला जड जाणार.

छर्रा न घालता फायर करून बघू नका. पुढे छर्र्याचा अडथळा नसला की पिस्टन जाऊन धाडकन आपटतो आणि आतलं सील फाटतं.

६. नळी साफ किती वेळा आणि कशाने?

लोक उगाच जास्त करतात. शिशाचे छर्रे आहेत, दारूची राख नाही, त्यामुळे ग्रुप बिघडला की करायची, एरवी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. मासे पकडायची तंगूस दुहेरी करून मागून पुढे ओवायची, फासात जुन्या सुती बनियनची छोटी चिंधी, आणि एका दमात ओढायची. पहिली एक-दोन किंचित तेलाची, मग कोरड्या, काळं यायचं थांबेपर्यंत. लोखंडी गज पुढून घालू नका, प्रश्न ४ मधली कड त्यानेच जाते. सफाईनंतर पहिले दहा-वीस छर्रे इकडेतिकडे जातील, घाबरून साइट फिरवत बसू नका.

तेल थेंबभरच. साधं मशीन ऑइल हवेच्या खोलीत गेलं की दाबाने पेटतं, धूर येतो, फटाक्यासारखा आवाज येतो आणि पोरांना वाटतं रायफल पॉवरफुल झाली. झाली नाही, स्प्रिंग आणि सील मरतंय.

७. बॅरल मागवताना दुकानदाराला काय काय सांगू?

मॉडेलचं नाव पुरत नाही, एकाच नावाच्या रायफलीत वर्षावर्षाला बदल करतात. व्हर्नियरने मोजून सांगा: ज्या बोल्टवर बॅरल मोडतं (म्हणजे खाली वाकून उघडतं) त्याच्या भोकाचा व्यास, नळी ज्यात बसवलेली असते त्या मागच्या ठोकळ्याची रुंदी, सीलचा बाहेरचा व्यास. ठोकळ्याचे दोन्ही बाजूंनी फोटो. आणि विचारा की नुसती नळी येतेय का ठोकळ्यासकट. ठोकळ्यासकटच घ्या. नुसती नळी प्रेसने बसवलेली असते, हातोडीने घरी ठोकून सरळ बसत नाही, माझं ऐका.

८. ठीक आहे, आलं बॅरल. आता बसवू कसं?

ही रीत साध्या मोडणाऱ्या स्प्रिंग रायफलची आहे, म्हणजे बॅरल खाली वाकवून स्प्रिंग ताणायची (कॉक करायची) असते ती. पीसीपीसाठी (टाकीत दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) प्रश्न १२.

रायफल रिकामी आहे आणि कॉक केलेली नाही हे दोनदा बघा. जुनी गोधडी टेबलावर पसरा, मोबाइलने प्रत्येक पायरीचा फोटो काढत जा. दस्त्याचे पुढचे दोन बाजूचे स्क्रू आणि घोड्याजवळचा एक किंवा दोन, एवढे काढले की बॉडी लाकडातून उचलून येते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची, बॉडीच्या मागच्या टोकाला, घोड्याच्या ठोकळ्याच्या पिनांना हात लावायचा नाही. स्प्रिंग कॉक नसतानाही दाबलेलीच असते आणि ती पिन सुटली की मागचा तुकडा छातीवर येतो. बॅरलसाठी तिकडे जायची गरजच नाही.

आता बॅरलचा मुख्य बोल्ट. त्याच्या डोक्याला लागून बहुतेक वेळा एक बारीक लॉक स्क्रू असतो, आधी तो काढायचा, नाहीतर लोक मुख्य बोल्टवर जोर लावून डोकं घासतात. बॅरल किंचित मोडून धरा म्हणजे बॅरल मिटलेलं धरून ठेवणाऱ्या खटक्याचा ताण जातो, मग बोल्ट सहज निघतो. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना कागदासारखे पातळ वॉशर असतात आणि ते तेलामुळे ठोकळ्याला चिकटून बाहेर येतात. मी पहिल्यांदा खोललं तेव्हा मला हे माहितच नव्हतं, एक वॉशर गच्चीवर कुठेतरी पडला आणि मी तसंच जोडलं, मग महिनाभर छर्रे डावीकडे का जातात याचा शोध घेत बसलो. डावा कुठला उजवा कुठला, वाटीत वेगळे ठेवा.

कॉक करायचा रॉड ठोकळ्याला पिनने जोडलेला असतो आणि त्याचं दुसरं टोक सिलिंडरच्या खाचेत असतं. ते सोडवून जुन्यावरून नव्यावर लावा. खटका आणि त्याची छोटी स्प्रिंग नव्यात आहे का बघा. बोल्टला आणि वॉशरला बोटाच्या टोकाएवढं मोली ग्रीस, हवा जायच्या भोकाजवळ अजिबात नाही. काढलं त्याच्या उलट क्रमाने जोडा. बोल्ट इतकाच आवळा की आडवा खेळ शून्य राहील पण उघडताना घासल्यासारखं जड लागणार नाही, मग लॉक स्क्रू. दस्त्याच्या स्क्रूंना निळं थ्रेडलॉक एक थेंब, लालवालं नको, पुढच्या वेळी रडाल.

पहिल्यांदा कॉक कराल तेव्हा आणि कायमच, छर्रा भरताना दुसऱ्या हाताने बॅरल धरून ठेवा. उघडं बॅरल अचानक मिटलं तर बोट तुटतं आणि नळी वाकते, दोन्ही. दस्त्याबाहेर असताना कॉक करायची नाही.

९. बसवलं, पण बॅरल मिटल्यावर किंचित हलतंय. स्क्रू अजून आवळू?

कुठल्या दिशेने हलतंय ते बघा. आडवं असेल तर वॉशर राहिला, किंवा नव्या ठोकळ्याची रुंदी कमी आहे आणि जरा जाड वॉशर लागेल. वर-खाली असेल तर बोल्टचा संबंध नाही, खटका नीट बसत नाहीये, त्याची स्प्रिंग कमजोर आहे किंवा सील जास्त वर आल्याने बॅरल पूर्ण मिटत नाही. जास्त आवळून आटे गेले की मग अख्खी बॉडी गेली, जोर लावू नका.

१०. नवं बॅरल लावल्यापासून छर्रे खाली जातात.

होतं असं. मोडणाऱ्या रायफलींची नळी बऱ्याचदा सिलिंडरच्या रेषेपेक्षा जराशी खाली बघते. उघड्या साइटने मारणाऱ्याला कळतही नाही कारण दोन्ही साइट बहुतेक नळीच्या बाजूलाच असतात, स्कोप मात्र सिलिंडरवर बसतो म्हणून त्याला कळतं. स्कोपच्या मागच्या माउंटखाली फिल्मचा तुकडा घालतात किंवा उतार असलेला माउंट मिळतो. गुडघ्यावर नळी ठेवून वाकवायचा सल्ला कोणी दिला तर त्याला त्याची स्वतःची रायफल वाकवू द्या. आणि हे सगळं निदान पन्नास छर्रे मारून झाल्यावर.

११. लांब बॅरल लावलं तर पॉवर वाढते का? आणि त्याच बॉडीला ५.५ चं बॅरल बसतं म्हणे?

बसतं की नाही हा प्रश्नच नाही, ५.५ लावलं त्या क्षणी ती लायसन्सवाली रायफल झाली आणि तुमच्याकडे लायसन्स नाही. नको.

स्प्रिंग रायफलमध्ये लांबीने फारसं काही होत नाही, हवेचा झटका पहिल्या थोड्या इंचांतच संपतो, पुढची नळी छर्र्याला नुसती घासते. २० जूलचा हिशोब स्वतः करून बघा, छर्र्याच्या वजनाचं (किलोत) अर्धं गुणिले वेगाचा (सेकंदाला मीटर) वर्ग. ०.५४ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २५० मीटरने गेला तर साधारण १७ जूल, २७२ ला गेला की २०. खोक्यावर "१००० फूट" (सेकंदाला) लिहिलेलं असतं ना, ते ०.४५ ग्रॅमच्या हलक्या छर्र्याने खरं निघालं तर जवळपास २१ जूल होतात, म्हणजे लिहिणाऱ्यालाच कळत नाही तो काय कबूल करतोय.

१२. पीसीपीचं बॅरल पण असंच ना?

नाही. तिच्या टाकीत २०० बारच्या आसपास हवा असते, ती पूर्ण सोडल्याशिवाय एकही स्क्रू हलवायचा नाही. शिवाय पीसीपीत लांब बॅरलने ताकद खरंच वाढते, त्यामुळे प्रश्न ११ ची मर्यादा नकळत ओलांडली जाते. कंपनीच्या सर्व्हिसलाच पाठवा, मीही तेच करतो.

१३. सातपूरला ओळखीचा लेथवाला आहे, तो म्हणतो नळी बनवून देतो.

त्याला अडचणीत आणू नका. आपल्या एमआयडीसीत हात इतके चांगले आहेत की तो भोक सरळ पाडेलही, पण आतले पिळाचे चर साध्या लेथवर निघत नाहीत, आणि चर नसले की कालिकेच्या यात्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीसारखा नेम येतो. त्याहून मोठं म्हणजे नळ्या बनवतोय एवढं वाक्य पोलीस ठाण्यात पोचलं तरी त्याचं शॉप बंद. त्याच्याकडून पातळ वॉशर करून घ्या, बस.

१४. पावसाळ्यात नळीत गंज येतोच.

रेक्झिनच्या किंवा फोमच्या कव्हरमध्ये ठेवता म्हणून. फोम ओल धरतो. बाहेरून तेलाची चिंधी फिरवा, कपाटात उभी ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका. वापरताना हाताचा घाम लागतो तोही पुसा. आणि छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुवा, शिसं आहे ते, तसेच वडापाव खायला बसू नका.

१५. द्राक्षाच्या बागेत पाखरं फार त्रास देतात, एअर गन चालेल का?

निफाडकडून दर वर्षी घडं गोड व्हायला लागली की हा प्रश्न येतोच. त्रास खरा आहे, एक बुलबुल दहा मणी टोचून एकही पूर्ण खात नाही. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे, पक्षी मारणं गुन्हा आहे, एअर गनला लायसन्स लागत नाही म्हणून शिकार चालते असं नाही. जाळी लावा, चमकी पट्टी लावा. यासाठी बॅरल दुरुस्त करून मागत असाल तर माझ्याकडून मदत नाही.

१६. गच्चीवर टेस्ट केलं तर चालेल?

छर्रा दोनशे-तीनशे मीटर सहज जातो आणि सिडकोत दोनशे मीटरमध्ये किती खिडक्या आहेत मोजा. खोलीच्या आत, मागे भिंत, भिंतीपुढे पत्र्याच्या डब्यात कोंबलेली जुनी कापडं आणि त्यामागे जाड प्लाय, दार बंद, डोळ्याला चष्मा. सगळ्यात बरं म्हणजे रेंजवर जा. नेताना केसमध्ये बंद न्या, लांबून ती खरी रायफलच दिसते, आणि शहरात मनाई आदेश लागू असेल त्या दिवसांत तर घरातच राहू द्या.

१७. सगळं जोडून झालं दादा, पण वाटीत एक वॉशर उरलाय. चालेल ना?

नाही चालणार. प्रश्न ८ परत वाचा, फोटो उलटे बघत जा, आणि तोपर्यंत कॉक करू नका.